वाचन उत्तम

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी कानाने शिकायचं असतं. मी वाक्य म्हणायचं, अर्थ सांगायचा, मुलांनी एका सुरात तेच तीनदा म्हणायचं. माझं इंग्रजी तरी कुठलं? मीही अशीच शिकले आणि अशीच मास्तरीण झाले. रत्नागिरीहून एसटीने तासभर आत, उघड्या कातळाच्या सड्यावरची वाडी. बहुतेक बापे मुंबईला, बायका शेतात. मुलांच्या कानावर इंग्रजी पडायचं ते फक्त माझ्या तोंडून.

सहावीत एक मुलगी होती. घडाघडा वाचायची. थांबायचं तिथे थांबायची, प्रश्न आला की आवाज वर न्यायची, बोट ओलं करून पान उलटायची. मला तिचा भारी अभिमान होता. तिला नर्स व्हायचं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते सांगायची. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला हायस्कुलात सेमी-इंग्रजीच्या वर्गात जायचं आणि पुढे सायन्स घ्यायचं, हे तिने नि तिच्या आईने ठरवूनच टाकलं होतं.

एकदा ती चौथा धडा वाचत असताना मी तिच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. वाचन अगदी झोकात चाललं होतं. पुस्तक मात्र सातव्या धड्यावर उघडं होतं. मधल्या सुट्टीत तिला थांबवून फळ्यावर एक साधा तीन अक्षरी इंग्रजी शब्द लिहिला. तो तिला लागेना. अख्खं पुस्तक पाठ होतं आणि अक्षर एक येत नव्हतं. ती रडायला लागली तेव्हा मी म्हटलं, "कुणाला सांगू नको. मी शिकवते तुला." माझ्याच शिकवण्याची लाज झाकायची होती मला, दुसरं काय.

त्याच पंधरवड्यात साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी तिलाच उभं केलं. ती वाचत गेली, साहेब खूश झाले आणि शेरेबुकात 'इंग्रजी वाचन उत्तम' असं लिहून चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात कच्च्या मुलांसाठी रोज तासभर जादा वर्ग घ्यायचा आदेश आला, अगदी अक्षरओळखीपासून. मी यादीत तिचं नाव पहिलं लिहिलं. हेडमास्तरांनी ते खोडलं.

"अहो बाई, साहेबांनी उत्तम लिहिलंय. आता हिला कच्च्यांत घातली तर वरती उत्तर काय देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी एसटीतल्या सीटवरून भांडणारी बाई. तिथे तोंडातून शब्द काढला नाही. म्हटलं, शाळा सुटल्यावर मीच शिकवीन. आठ दिवस शिकवलंही. मग पाचची गाडी चुकायला लागली, घरी उशीर व्हायला लागला आणि ते बंद पडलं. तिने एकदाही विचारलं नाही, बाई, आज का नाही म्हणून. सातवीच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने लिहिलं, 'इंग्रजी वाचन उत्तम'.

हायस्कुलात पुस्तक नवं आणि सुरात म्हणून घेणारं कुणी नाही. सरांनी वाचायला उभी केली की ती नुसती उभी राहायची. प्रगतिपुस्तकात उत्तम आणि इथे तोंडाला कुलूप, म्हणजे पोरगी माजोरी, असं सरांना वाटलं. त्यांनी आईला बोलावून तसं सांगितलं. गणपती झाल्यावर ती शाळेत जायचीच बंद झाली. मुंबईच्या मामीला तान्हं बाळ सांभाळायला कुणीतरी हवं होतं, तिकडे तिला धाडणार आहेत, हे मला वाडीतल्या बायकांकडून कळलं. मला झोप लागेना. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले ती सगळं खरं सांगायचं ठरवूनच. आईला खरं कळलं तर ती पोरीला ठेवून घेईल, मी सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवीन, असं सगळं मनात जुळवलं होतं.

आईने घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकली. मुलगी दाराशी उभी होती. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते.

"मीच मारलंय, बाई," आई म्हणाली. "येतंय सगळं, पन करीत नाय. तुमी लिवलंत ना, उत्तम म्हनून? मग हायस्कुलातच काय झाला हिला? आलशी मेली."

"ती आळशी नाही हो," मी म्हटलं. "तिला इंग्रजी वाचताच येत नाही."

आईने विचारलं, "मग तुमी लिवलंत कसा?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आये, बाईंना ठावं नव्हता. मी पाठ करून म्हनायची. मीच फसवलंय त्यांना."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. नाही गं, मला ठाऊक होतं, एवढंच म्हणायचं होतं मला. त्यासाठीच तर आले होते.

"माफ करा हां, बाई," आई म्हणाली. "पोर अशी खोटारडी निघंल, असा वाटला नव्हता." आणि तिने माझ्यासाठी चहा टाकायला मुलीलाच आत पाठवलं.

तो चहा मी प्यायले. मंगळवारी ती मामीकडे गेली.