साठ टक्के वादळ

हवामान कार्यालयात बाईंना तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवीस वर्षं लोक त्यांना एकच विचारत आले होते, "नक्की ना?" मंडपाचं सामान भाड्याने देणारा त्यांचा धाकटा भाऊ तर त्यांना तोंडावर 'साठटक्के' म्हणायचा.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी हवामानाच्या फुग्याने वर जाताजाता पाठवलेले आकडे पाहून बाई खुर्चीत सावरून बसल्या. जमिनीलगत दमट हवा, खूप वर थंड, कोरडी. आणि मधे उबदार थर, पातेल्यावरच्या झाकणासारखा. दुपारी ऊन तापून तो फुटला तर गारा आणि सोसाट्याचा वारा. नाही फुटला तर नुसता घाम.

"एका शब्दात सांगा," साहेब म्हणाले. "होणार की नाही?"

"साठ टक्के."

"हे दोन शब्द झाले."

"तिसरा तोंडात आलाय, तो गिळते."

अकरा वाजता सगळ्या जिल्ह्यासाठी इशारा गेला. मग त्यांनी भावाला फोन लावला. शाळेच्या मैदानावर दुपारी मुलांच्या शर्यती होत्या आणि मंडप त्याचा होता.

"ताई, गुरुवारीही तू हेच म्हणालीस. माझ्या माणसांनी दिवसभर कापड उतरवलं. थेंब नाही पडला!"

"गुरुवारी मी तीस म्हटलं होतं!"

"म्हणजे पडणारच नव्हता ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आज कापड उतरव. आणि मुख्याध्यापिकांना सांग, मुलांना घरी पाठवा."

त्याने कुरकुरत का होईना, ऐकलं. मग तीन वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी त्याचा फोन. "ताई, लख्ख ऊन आहे." "ताई, ढगाचा पत्ता नाही." चौथ्यांदा बाईंनी फोन उचललाच नाही.

पावणेपाचला रडारवर एक ठिपका उठला आणि बघता बघता फुगला. गारा पडल्या त्या शेजारच्या गावात, लिंबाएवढ्या. इथे पंधरा मिनिटं नुसता वारा सुटला.

लगेच शेजारच्या गावातून फोन आला. "आम्हाला सांगितलं का नाही?"

"अकरा वाजता सांगितलंय. तुमच्या गावाचं नाव होतं त्यात."

"हो, पण साठच टक्के म्हणालात!"

पाठोपाठ मुख्याध्यापिका. गारा आल्याच नाहीत, शर्यती उगाच रद्द केल्या, पालक चिडलेत. बाईंनी "हं, हं" करत सगळं ऐकून घेतलं आणि रिसीव्हर जरा जोरातच ठेवला.

संध्याकाळी भाऊ घरी आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. मग म्हणाला, "मंडपाचे दोन खांब बाकांवर आडवे झाले. मुलं तिथेच बसणार होती."

बाईंनी त्याच्यासमोर ताट ठेवलं. त्यांचा राग निवायलाच आला होता.

"पण ताई," तो म्हणाला, "गारांचं काय झालं?"

"जेव," बाई म्हणाल्या. "तोंड उघडायचं ते घास घालायला."