सॅनिटायझरने पुसलेलं पिस्तूल

"पुन्हा अडकलं," असं म्हणत डेसने पिस्तुलाचा बॉक्स काउंटरवर ठेवला आणि लगेच मागे सरकला. सोशल डिस्टन्सिंग तो अगदी मनापासून पाळायचा. "सगळ्या क्लबसमोर. लोरेनचं मात्र धडाधड चाललं."

लोरेन म्हणजे त्याची बायको. बायकोचं चालणं हा त्याच्या दुःखाचा मोठा भाग होता.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात बंदुकीच्या दुकानात गनस्मिथ आहे. म्हणजे बंदुका दुरुस्त करतो. पुण्यात मेकॅनिकल केलं, इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं आणि नोकरी मिळाली ती ही. आई नातेवाइकांना "प्रिसिजन इंजिनिअरिंगमध्ये आहे" असं सांगते. खोटं काहीच नाही त्यात. आमची गिऱ्हाइकं म्हणजे शेतकरी आणि टार्गेट शूटिंगच्या क्लबातली मंडळी. पिस्तूल इथे असंच मिळत नाही. लायसन्स लागतं, क्लबची मेंबरशिप लागते, वर मॅचेसही खेळत राहाव्या लागतात.

डेसने आयुष्यभर ट्रक चालवला आणि रिटायर झाल्यावर स्वतःला एक प्रीमियम नाइन्टीन इलेव्हन पिस्तूल घेतलं. हे मॉडेलचं नाव, आणि जन्मसालही. शंभर वर्षांहून जुनं डिझाइन, त्यामुळे आता कुठलीही कंपनी बनवते. बजेटमधलं आणि प्रीमियम शेजारी ठेवली तर नवख्याला फरक दिसत नाही. हातात घेऊन हलवलं की कळतो. पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, प्रत्येक गोळीला मागे जाऊन पुढे येतो. स्वस्तातल्या पिस्तुलात तो जरा सैल असतो, खुळखुळतो. महागड्यात कारागीर हाताने घासून असा बसवतो की लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. त्यामुळे नेम जास्त अचूक.

लोरेनचं खुळखुळणारं होतं. डेसचं पिस्तूल कोविडमुळे बंदरात रखडलं होतं. त्याने एखाद्या स्थळाची वाट बघावी तशी त्याची वाट बघितली होती. आणि आता गोळी झाडली की स्लाइड परत येताना मधेच थांबायची.

पहिल्या वेळी मी ते उघडलं, साफ केलं, तेल दिलं, शूटिंग रेंजवर चालवलं. झकास चाललं. दोष काडतुसांवर ढकलला. दुसऱ्या वेळी साफसफाई, तेल, वर नवी स्प्रिंग. पुन्हा झकास. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं काहीतरी चाललं होतं.

आता ही तिसरी वेळ. डेस गेल्यावर ग्रेग, माझा बॉस, माझ्या बेंचपाशी आला.

"कानस मार थोडी. सैल कर."

"ग्रेग, घासलेलं परत भरता येत नाही. वॉरंटीही जाईल."

"आणि त्याने ते परत केलं तर? धंदा कसा चाललाय बघतोयस ना, mate. मला काहीतरी कमी करावं लागेल. पिस्तूल तरी, किंवा तू तरी."

हे तो चहात साखर किती विचारावं तसं म्हणाला. माझी PR, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अजून व्हायची होती. मी कानस काढून समोर ठेवली आणि आधी जेवून घेऊ म्हणून मागच्या खोलीत डबा उघडला. घाबरल्यावर मला भूक लागते.

दुकानात ग्रेग सगळ्यांना मास्क लावायला लावायचा, म्हणून दिवसभर नाक झाकलेलं. खाण्यासाठी मास्क उतरवला. पिस्तुलाचा बॉक्स शेजारीच होता. एकीकडे पोहे खात दुसऱ्या हाताने झाकण उघडलं आणि भपकन रमचा वास आला.

पोहे तसेच ठेवून डेसला फोन लावला.

"डेस, पिस्तुलाला काय लावतोस?"

"काही नाही. पुसतो फक्त."

"कशाने?"

"सॅनिटायझरने. रमच्या डिस्टिलरीवाले बनवतायत ना, ते. मस्त घट्ट जेल आहे. रेंजवर कोण कोण खोकतं तुला माहीत नाही."

"आतूनही पुसतोस?"

"आतून तर जास्त. लोरेनचंही मीच पुसतो. त्याच बाटलीने."

मी त्याला समजावलं. अल्कोहोलने तेल निघून जातं. जेल वाळून चिकट थर बसतो. त्यावर दारूगोळ्याची काजळी. लोरेनच्या पिस्तुलात हा सगळा संसार मांडायला जागा होती. डेसच्यात केस घुसवायलाही जागा नव्हती. मी दर वेळी आधी साफ करून तेल द्यायचो, म्हणून माझ्या हातात ते शहाण्यासारखं वागायचं.

डेसने विचारलं, "म्हणजे स्वस्तातलंच चांगलं?"

"नाही. ते छळ सहन करतं, एवढंच."

कानस मी ड्रॉवरमध्ये टाकली. ग्रेगला कारण सांगितलं. तो "No worries" म्हणाला, जणू वरीज त्याला कधी नव्हत्याच. डेसला तेलाची बाटली दिली आणि सॅनिटायझरने हात पूस, पिस्तूल नको, असं बजावलं.

पुढच्या मॅचला पिस्तूल एकदाही अडकलं नाही. डेसच्या गोळ्या मात्र टार्गेटभर चिवडा सांडावा तशा पसरल्या. लोरेन म्हणाली, "आण इकडे, बघू जरा." तिने त्याच पिस्तुलाने सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या गोलात घातल्या. क्लबात कुणी काही बोललं नाही म्हणे, आणि तेच डेसला जास्त लागलं.

काही आठवड्यांनी दोघं दुकानात आली. पिस्तुलांची अदलाबदल करायची होती, आणि इथे नवरा-बायकोतही ती परमिट काढून रीतसर करावी लागते. लोरेनने प्रीमियम स्वतःच्या नावावर करून घेतलं. मला वाटलं, डेस हिरमुसला असेल. तो तर बजेटवालं कानाशी नेऊन हलवत होता.

"मनापासून देतोयस ना?" मी विचारलं.

"अरे, हे खुळखुळतं," तो म्हणाला. "शेजारच्यालाही ऐकू येतं. आता नेम चुकला तर कुणी मला विचारणार नाही."

इतकी वर्षं या धंद्यात आहे. महागड्या पिस्तुलाचे फायदे मी गिऱ्हाइकांना अजूनही सांगतो. हा तोटा मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. ते नीट चालायला लागलं, की चुकलेल्या नेमाचं खापर फोडायला फक्त आपलंच डोकं उरतं.