प्रसाद खाण्यात धरत नाहीत

वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत अंबुजाबाईंचा प्रसाद नको म्हणणारा माणूस सापडायचा नाही. तंजावरहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून घरात मराठी, दारात तमिळ आणि देवापुढे दोन्ही. पण गेलं वर्षभर देवापुढे बसल्या तरी त्यांचं सगळं लक्ष यजमानांकडे असायचं.

यजमान तुळजाजीराव इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांची फिरकी घेणारा हा माणूस हळूहळू बोलायचाच थांबला. दोन डॉक्टरांच्या नैराश्यावरच्या गोळ्या झाल्या, काही उपयोग झाला नाही. मग लेक तनया फोनवर दुसरा इलाज शोधायला लागली. तांबरमकडचा एक दवाखाना म्हणाला, आजच या, केटामाइन या भुलीच्या औषधाच्या तीन बैठकांत माणूस मोकळा. बीपीचं, चालू गोळ्यांचं एका शब्दानं विचारलं नाही. "अम्मा, इथं पाऊल नको ठेवायला," तनया म्हणाली. शेवटी मनोविकारांचं एक रुग्णालय मिळालं. तिथं भुलीचे डॉक्टर शेजारी उभे राहून सलाइनमधून ते औषध देत.

बातमी कळताच दीर एकोजीचा फोन आला. "वहिनी, घोड्याला भूल देतात ते औषध दादाला? शर्यतीत उतरवणार की काय?"

"तुम्ही या आधी भेटायला, मग हसा," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

ठरल्या दिवशी तनयाची परीक्षा होती, म्हणून दोघंच गेली. तुळजाजीरावांना खाटेवर निजवून नर्स शरण्यानं हातात सुई बसवली.

"मामी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना यांनी?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही!" बाई ठसक्यात म्हणाल्या.

इतक्यात डॉक्टर आल्या. मऊ आवाजात समजावू लागल्या: थोडं तरंगल्यासारखं वाटेल, उलटीही होऊ शकते, म्हणून पोट रिकामं हवं. नाहीतर पोटातलं श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतायचं.

अंबुजाबाईंना सकाळचं देऊळ आठवलं. येताना त्या देवळात थांबल्या होत्या. यजमानांच्या नावानं अर्चना केली आणि तुपानं निथळणारा चक्करपोंगलचा गोळा, तांदूळगुळाचा तो प्रसाद, स्वतःच्या हातानं त्यांना भरवला. त्यांनी मुकाट गिळला. प्रसाद कुणी खाण्यात धरतं का?

सांगितलं तर परत पाठवतील. आणि घरी नेऊन? मागच्या आठवड्यात यजमानांनी आपले चांगले शर्ट वॉचमनला देऊन टाकले होते. बँकेचे कागद कुठं आहेत ते तनयाला दोनदा दाखवलं होतं. त्याचा अर्थ बाईंना कळला होता, पण वास्तू तथास्तु म्हणते या धाकानं त्यांनी तो शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता. डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

शरण्यानं सलाइनच्या नळीला हात घातला.

"थांब गं बाई!" त्या केवढ्यानं ओरडल्या. "प्रसाद दिलाय मी. मूठभर. तुपातला."

शरण्या जागीच थबकली. डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललात. आज नाही देता येणार. आता शुक्रवारी."

"शुक्रवारपर्यंत..." बाईंनी यजमानांकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि शर्टांचं, कागदांचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या. "तुळजाजीराव, जीव द्यायचा विचार येतो का?"

बाईंना वाटलं, डॉक्टरांच्या तोंडावर हात ठेवावा. तुळजाजीराव छताकडे बघत म्हणाले, "रोज."

"घरी गेलात तर सांभाळून राहाल?"

"माहीत नाही."

त्यांना तिथंच ठेवून घ्यायचं, कुणीतरी सतत जवळ बसायचं, असं ठरलं. शरण्या वॉर्डात रिकामी कॉट बघायला गेली. अंबुजाबाई खाटेच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. जो शब्द इतके दिवस दाबला, तो आता खोलीत होता, आणि यजमान त्यांच्याकडे बघत होते.

"अंबुजा, तू जाणार घरी?"

"कुठं जाते मी?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग तनयाला फोन लावला. "पेपर झाला का गं? अप्पांची नेसायची वेष्टी आणि ब्रश घेऊन ये. खायला काही आणू नकोस. आधी विचारू."