रस्त्यावरून दाखवलेलं माझं घर

स्वतःचं घर असून मी भाड्याच्या खोलीत का राहते? आज आत्यानं विचारलं.

नोकरी लागल्यावर कलबुर्गीत कर्ज काढून फ्लॅट घेतला. हप्ता झेपेना म्हणून तो भाड्यानं दिला आणि मी स्वस्तातल्या खोलीत राहते. भाडं येतं, पण हप्त्याला पुरत नाही. कमी पडतं ते पगारातून भरते. भाव वाढेल, करात सूट मिळेल, असं सगळे म्हणाले. ते खोटं नाही. पण माझं एम.ए. तेवढं राहून गेलं.

आज अप्पा आमच्या राजेश्वर गावाहून आत्याला घर दाखवायला घेऊन आले. आत भाडेकरू, म्हणून आम्ही रस्त्यावर उभं राहून बाल्कनी बघितली.

"माझ्या लेकीचं हाय!" अप्पांची मान ताठ.

आत्या हसली. "गाय तुझी, दूध दुसरे पितेत, आन् वैरण तू घालायलीस व्हय गं?"

बसस्टँडवर मी म्हटलं, "अप्पा, मी दमले. घर विकते."

"गावात काय सांगू?"

"लेक पुढं शिकायलीय म्हणून सांगा."

ते बसमध्ये चढले. बस सुटताना खिडकीतून हात मात्र केला.

तुम्ही असतात तर अजून थांबला असतात का? मी संध्याकाळी भाडेकरूंना सांगून त्याच बाल्कनीला विक्रीची पाटी बांधून आले.