बुधवारचा शेवटचा तास

माझी धाकटी बहीण पौषात गेली आणि निवड झाल्याचं पत्र तिच्या नावानं फाल्गुनात आलं. नाट्यशिक्षकांचं उन्हाळी शिबिर होतं, इथंच म्हैसुरात, गोकुलममधल्या एका शाळेच्या सभागृहात. अर्ज तिनं आजारी पडण्याआधी भरला होता. पत्र घेऊन मी आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. जागा रद्द करा असं कळवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. मी इतिहास शिकवायचे. ती कन्नड शिकवायची आणि बुधवारच्या शेवटच्या तासाला नाटक घ्यायची. तो तास तिला कुणी दिला नव्हता. दरवर्षी मागून मागून तिनं तो वेळापत्रकात बसवून घेतला होता.

मुख्याध्यापिकांनी पत्र दोनदा वाचलं. "तिच्या जागी तुम्हीच जा," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी मुलांसमोर एक तास घ्यायचा असतो म्हणे. तो जमला असं त्यांनी लिहून दिलं, तर बुधवार तुमच्या नावावर ठेवते. नाहीतर गणिताचे मास्तर कधीपासून मागे लागलेत."

नाटकाची मला काही ओढ नव्हती. पण तिच्या साड्या वाटून झाल्या होत्या, सायकल मावसभावाकडे गेली होती. तिचा म्हणून चालू राहील असा तो एक तासच उरला होता. मी हो म्हणाले.

घरी येऊन आधी तिचं कपाट उघडलं. टाचण काढल्याशिवाय मी आयुष्यात वर्गात गेले नव्हते. तिनंही काहीतरी लिहून ठेवलं असेलच. सापडलं काय, तर व्याकरणाचे तपासलेले पेपर, सुतळीचा गुंडा आणि खडूंची अर्धी पेटी. नाटकाविषयी एक ओळ नाही. "लिहून ठेव गं," मी म्हणायचे. "बिडे अक्का," ती म्हणायची, म्हणजे सोड गं, "मुलं आली की सुचतंय."

खडू पाहून एक आठवलं. दर बुधवारी ती चपला बाहेर काढून आत आली, की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लाल फरशीवर पांढरी पावलं उमटायची. मी ओलं फडकं घेऊन मागोमाग.

"फळ्यावर लिहितेस की फळ्यावर चालतेस?"

"दोन्ही, अक्का. काफी दे आधी."

हे इतकी वर्षं चाललं, पण ती पावलं कुठून येतात हे मी कधी विचारलं नाही.

शिबिर वीस दिवसांचं होतं. शिकवणारे गृहस्थ साठीचे, बारीक अंगाचे. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणत, म्हणजे मास्तर. सभागृहात अनवाणी यायचं, हा त्यांचा एकच नियम. मी भिंतीला टेकून सगळं लिहून घ्यायचे. आठव्या दिवशी माझी दोनशे पानांची वही भरली. माझ्याशेजारी लष्कर मोहल्ल्यातले एक पीटीचे मास्तर बसत. पूर्वज घोडदळाबरोबर आलेले, घरात अजून मराठी. त्यांनी वहीकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही सगळं लिवून घेतलाव. आता आम्ही काय करायचं?"

"तुम्ही नाटक करा मास्तर, मी परीक्षा घेते."

बहीण गेल्यापासून मला अक्का कुणी म्हणालं नव्हतं. मी पान उलटलं.

एकदा मेष्ट्रुंनी सगळ्यांना झाड व्हायला सांगितलं. पीटी मास्तर टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून उभे.

"मास्तर, झाड सांगितलंय. परेड नव्हे."

"सर, हे अशोकाचं झाड आहे."

मेष्ट्रु हसले, मग आम्हा सर्वांना म्हणाले, "तुम्हा शिक्षकांना सगळं येतं. मूल थांबलं की गप्प राहणं तेवढं येत नाही." मी तेही लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी आसपासची वीस मुलं आली, नऊ-दहा वर्षांची. सकाळीच शिबिराकडून त्यांना एकेक वही आणि पेन्सिल भेट मिळाली होती. माझी पाळी तिसरी. टाचण चार पानांचं: बाजार, पात्रं, प्रसंग, समारोप. मागच्या भिंतीशी मेष्ट्रु कागद-पेन घेऊन बसले होते, बाजूला पीटी मास्तर.

मी पुढे गेले आणि बावीस वर्षांच्या सवयीनं खडू उचलला. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातली. मध्ये कन्नडात 'बाजार' लिहिलं, खाली रेघ मारली. वळून म्हणाले, "डोळे मिटा. आता तुम्ही बाजारात उभे आहात."

डोळे कुणीच मिटले नाहीत. वीस डोकी खाली वाकलेली, वीस पेन्सिली चाललेल्या. मी बोलले ते वाक्य मुलं लिहून घेत होती. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला.

"मिस, मार्जिन हाकबेका?" मार्जिन आखायचं का, मिस?

मागून पीटी मास्तरांचं हसू शिट्टीसारखं सुटलं आणि मध्येच बंद झालं. मेष्ट्रुंनी पेनाचं टोपण काढलं. मला समोर गणिताचे मास्तर दिसले, बुधवारी शेवटच्या तासाला भूमितीची पेटी घेऊन वर्गात शिरताना. हातातल्या चार पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी गप्प उभी राहिले. काही शिकले होते म्हणून नव्हे, बोलायला काही उरलंच नव्हतं. मुलीचा हात तसाच वर.

"हो, आख," मी म्हणाले. मग हातातला खडू तिच्यापुढे धरला. "पण वहीत नको, इथं जमिनीवर. सगळा बाजार मावेल एवढं."

मी चेष्टा करतेय का, हे तिनं जरा निरखून पाहिलं. मग ती उकिडवी बसली आणि मागे मागे सरकत भिंतीपासून दारापर्यंत रेघ ओढत गेली. रेघ वाकडी आली. "वाकडी!" असं ओरडून एका मुलानं दुसरा खडू उचलला. पुढचं मला क्रमानं सांगता येणार नाही. रेघांच्या आत गल्ल्या झाल्या. नव्या वह्या विड्याची पानं म्हणून विकल्या जाऊ लागल्या. कुणी म्हैस झालं आणि रस्ता अडवून बसलं. त्या मुलीनं मोगऱ्याचं दुकान मांडलं. फूल एकही नव्हतं. गजरा ती कोपरापासून बोटांपर्यंत मापून देत होती.

"तुझा हात केवढासा," मी म्हणाले. "लुबाडतेस की मला."

"मग तुमच्या हातानं मापा, मिस."

मी मापला. घेतला आणि अंबाड्यात माळला. त्या वर्षी मी फुलं माळत नव्हते, हे हात खाली आल्यावर लक्षात आलं.

वेळ संपल्याची घंटा झाली तरी म्हैस उठेना. तिला पीटी मास्तरांनी हाकललं.

मेष्ट्रु जवळ आले. "टाचणातलं एक तरी झालं का?"

"नाही, सर."

"बरं झालं. फळ्यावर तारीख घालणं तेवढं सोडा." मुख्याध्यापिकांसाठीची चिठ्ठी त्यांनी उभ्याउभ्याच लिहिली. मी ती त्यांच्यासमोरच वाचली, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. पीटी मास्तर पाणी घेऊन आले. "अक्का, पास झालाव म्हणून कोण रडतं?" मी रडत होते खरी, पण छातीत इतकं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जयलक्ष्मीपुरमला घरी आले, चपला बाहेर काढल्या, आत जाऊन कॉफीचं आधण ठेवलं. फडकं ओलं करून सवयीनं मागे वळले, तर दारापासून माझ्यापर्यंत पांढरी पावलं. माझीच. दर बुधवारी ती काय करत होती, हे मला तेव्हा कळलं.

फडकं पिळून दांडीवर टाकलं. आधी कॉफी प्यायले.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. बुधवारच्या शेवटच्या तासापुढे माझं नाव होतं, आणि गणिताचे मास्तर दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.