दोरीपलीकडची खुर्ची

हातनकोचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, आणि तो पायांपासून. पलंगाच्या कडेला बसून आधी पोटऱ्या चोळायच्या, मग बुटांच्या नाड्या बांधायच्या, त्याही सैल. दुपारपर्यंत पाय फुगून बूट आपोआप घट्ट होतात.

शहराच्या कलादालनात तो पहारेकरी होता. पुढे चित्रांचं दालन, मागे संग्रहालय, आणि मधल्या दारात हा. बसायची परवानगी नव्हती. उभं राहणं हेच काम. ज्याने ते केलं नाही त्याला ते काम वाटत नाही. भार या पायावर, मग त्या पायावर. भिंतीला टेकायचं नाही. जांभई आली तर गिळायची. कुणी चित्राकडे बोट नेलं की हा खेकसायचा, "हात नको!" पोरांनी तेच नाव ठेवलं. रागावली की बायकोही तेच वापरायची.

घरी त्याची एक खुर्ची होती. लाकडी, हातांची, मागे जराशी कललेली. बैठक त्याने स्वतः नायलॉनच्या पट्टीने विणलेली. सैल पडली की उसवून पुन्हा ताणायचा. तिच्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही. पाहुणा चुकून बसलाच, तर हा समोर उभा राहून असा टक लावायचा की पाहुण्याला घरची कामं आठवायची.

बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तीही दिवसभर उभी. घरी आली की पालथ्या बादलीवर बसून भाजी निवडायची.

"अहो, उभं राहून पाय काय फक्त पहारेकऱ्याचेच दुखतात?" तिने एकदा विचारलं.

"तुझं वेगळं. तुझे हात हलतात. रक्त खेळतं राहतं."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं.

कलादालनात दरवर्षी शहरातल्या लोकांचं प्रदर्शन भरायचं. कुणी विणकाम आणायचं, कुणी आजोबांचा कॅमेरा. यंदाचा विषय होता 'आमच्या घरातली लाडकी वस्तू'. मांडणीच्या दिवशी दोन हमाल चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. हातनकोने स्वतः दार धरलं. "सांभाळून! चौकटीला घासू नका. दुसऱ्याची वस्तू आहे!" दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर ठेवून त्यांनी चादर ओढली.

मागून बायको आली, ठेवणीतली साडी नेसून. तिने हाताने लिहिलेली पाटी टेकवली: 'माझ्या नवऱ्याची लाडकी वस्तू. कृपया बसू नये.'

प्रदर्शनवाल्या मॅडम हसून हसून बेजार झाल्या. "काका, हिच्यावर जरा जास्त लक्ष ठेवा हं!"

आपलेच दात, आपलेच ओठ. दिवसभर तो स्वतःच्या खुर्चीपुढे उभा, मध्ये दोरी. संध्याकाळी घरी फरशीवर. बादलीवर आधीच बायको असायची.

तो दिवस मोजत राहिला. पण प्रदर्शन संपत आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "लोकांना फार आवडली. संग्रहालयातच ठेवून घेऊ या, कायमची. वहिनी म्हणाल्या, खुशाल ठेवा."

खुर्ची गेली म्हणजे गेलीच. विचार करून हातनको झाडूवाल्या मावशींकडे गेला.

"मावशी, कुणाला सांगू नका. त्या खुर्चीत ढेकूण असावेत."

मावशींना 'कुणाला सांगू नका' म्हणणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. हिशोब सोपा होता: चित्रांच्या जिवाला घाबरून मॅडम खुर्ची परत पाठवतील. मॅडमनी पाठवली नाही. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि औषध मारणाऱ्याला निरोप धाडला. भोंगा मात्र लॉन्ड्रीपर्यंत पोचला.

त्या दिवशी बायको दुपारीच घरी आली. बादलीवरही बसली नाही.

"लोक कपडे परत न्यायला लागलेत. ढेकणांच्या घरची इस्त्री नको म्हणे. मालक म्हणाला, खरं-खोटं होईपर्यंत येऊ नका. कुणी उठवलं असेल हो?"

हातनको बुटांच्या नाड्या सोडत बसला. सुटलेल्या नाड्या पुन्हा सोडू लागला.

"अहो. वर बघा."

त्याने वर बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"तुमच्या बुडाला टेकू हवा म्हणून माझ्या हातचं काम घालवलंत?"

दुसऱ्या दिवशी दालनात चांगली गर्दी असताना हातनकोने दोरी उचलली, प्लास्टिक फाडलं, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि खुर्चीत बसला.

"काका! हात नको!" मॅडम ओरडल्या.

"हात नाही मॅडम, सगळाच बसलोय." मग तो मोठ्याने म्हणाला, "ढेकूण नाहीत. खुर्ची परत हवी म्हणून मीच थाप मारली. माझ्या बायकोच्या घरात ढेकूण उपाशी मरेल. ज्याला शंका असेल त्याने येऊन पोटऱ्या बघाव्यात."

लोक खरंच आले. बातमी पोचताच बायको लॉन्ड्रीच्या मालकाला घेऊन आली. त्याने चष्मा लावून, वाकून, दोन्ही पोटऱ्या तपासल्या.

"चावा एकही नाही," तो म्हणाला. "पण शिरा वाईट सुजल्यात. बसत जा हो जरा."

"तेच तर करतोय!"

मालक बायकोकडे वळला. "उद्या या. गठ्ठा साचलाय."

तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. "उठ रे बाबा. मलाही टेकू दे." त्यांच्यामागे आणखी कुणी, मग रांगच लागली. मॅडमनी थोडा वेळ बघितलं आणि पाटीवरचं 'बसू नये' खोडून 'बसावे' केलं. हातनकोचा त्या दिवसाचा पगार कापला. कारण दिलं: कामावर असताना बसणे.

"न्यायची का परत?" बायकोने विचारलं.

रांगेत एक पोस्टमन उभा होता, एक आचारी, आणि कडेवर मूल घेतलेली बाई. हातनकोने त्यांच्या पायांकडे बघितलं.

"राहू दे."

महिन्याचा पगार हातात आला, एक दिवस कमीचा. दोघं फर्निचरच्या दुकानात गेली. दुकानदार त्याला उंच, ऐटबाज खुर्च्या दाखवू लागला.

"मला नको, हिला दाखवा."

बायको एकेकीत बसली आणि प्रत्येक वेळी खाली बघत राहिली. ती बुटकी; तिचे पाय लोंबकळायचे. शेवटी कोपऱ्यातली एक साधी, ठेंगणी खुर्ची निघाली. दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकल्या. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उठलीच नाही.

हातनकोने उभ्यानेच पैसे दिले.