वांगी रंगाचं लाकूड

नागपुरात महाल भागातल्या एका बोळात शारदाबाई देवपुजारींचं फॉल-पिकोचं दुकान होतं, तेव्हा बायका तिथे यायला घाबरायच्या आणि तरी तिथेच यायच्या. घाबरायच्या बाईंच्या तोंडाला आणि यायच्या त्यांच्या नजरेसाठी. साडी काउंटरवर उलगडली की शारदाबाई मागे न बघता गठ्ठ्यातून एक फॉल ओढायच्या, आणि तो काठाला असा बसायचा की शोधून सापडू नये. चिंतामणी आणि मोरपंखी यांच्या मधे आणखी किती रंग राहतात हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नाही याचा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. "हा ब्लाउज कोणी निवडला? तुम्हीच? मग साडी कशाला घेतली, गोणपाट चाललं असतं," असं त्या चारचौघींत सुनवायच्या. गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि पुढच्या सणाला परत यायचं.

सगळेच काही हसून सोडून देत नाहीत. मुलाच्या, अनिमेषच्या, लग्नात त्यांनी होणाऱ्या सुनेच्या शालूचा सोगा दोन बोटांत धरून वर उचलला आणि भरल्या मांडवात विचारलं, "शालू बनारसी आणि फॉल पोतेऱ्याचा? तुमच्या आईला दिसत नाही का?" फॉल नेत्राच्या आईने स्वतः बसून लावला होता. माउली पंगतीला आली नाही. नेत्राने मात्र सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, सासूच्या पानात जिलबी जरा जास्तच वाढली. तिने काय गिळलं ते कोणी विचारलं नाही.

यजमान गेल्यावर शारदाबाई ही नजर आणि हे तोंड घेऊन आयर्लंडला आल्या. "आई, एकटी कशाला राहतेस," म्हणत अनिमेषने दुकान बंद करायला लावलं आणि राहता फ्लॅटही विकायला लावला. ते पैसे कुठे गेले हे त्यांना सिटीवेस्टमधल्या मुलाच्या घरामागच्या शेडमध्ये दिसलं. तिथे करवतीचं यंत्र होतं, घासायचं यंत्र होतं आणि फळ्यांवर देशोदेशीच्या लाकडांचे ठोकळे रचलेले होते.

अनिमेषची आयटीतली नोकरी गेली होती आणि दुसरी मिळत नव्हती. नेत्राची पक्की होती, म्हणून घर चालत होतं. अनिमेषने हाताने व्हेप करायला घेतले होते. सिगारेटऐवजी हल्ली लोक जी वाफ ओढतात, तिच्या या मुठीत मावणाऱ्या डब्या. आत बॅटरी, वर तोटी, बाजूला बटण, आणि बाहेरचं अंग लाकडाचं. तंबाखूपायी नवरा गमावलेल्या बाईने खरं तर नाक मुरडायचं. शारदाबाई म्हणाल्या, "ओढणारे ओढणारच. निदान डबी तरी धड रंगाची ओढू दे."

कारण अनिमेषच्या डब्या बघवत नव्हत्या. हात चांगला होता, पण कुठल्या लाकडाशेजारी कुठलं बसवावं याची अक्कल नव्हती. शारदाबाईंनी पहिल्याच दिवशी फळीवरून एक जांभळा ठोकळा उचलला. दक्षिण अमेरिकेतलं ते झाड, आणि लाकूड मुळातच त्या रंगाचं.

"हा वांगी. ह्याच्याजवळ ते काळं ठेव."

ते काळं म्हणजे इथल्याच दलदलीतून निघालेला ओक, हजारो वर्षं चिखलात पडून कोळशासारखा झालेला. अनिमेषने त्या दोघांची डबी केली आणि ती नेटवर फोटो टाकल्या टाकल्या विकली गेली. मग शेडमध्ये शारदाबाईंचं राज्य सुरू झालं. आफ्रिकेच्या पडौक लाकडाला त्यांनी शेंदरी म्हटलं, ऑलिव्हला हरभऱ्याच्या डाळीचा पिवळा. झाडाच्या गाठींचे तुकडे रंगीत राळेत भिजवून येत, त्यांना तर साडीच्या ताग्यासारखं हाताळायच्या. चुकीचा ठोकळा पुढे केला की मुलालाही सोडायच्या नाहीत. "डोळे आहेत की बटणं?"

नात पूर्वा शाळेतून आली की दप्तर टाकून शेडमध्ये यायची. तिला मराठी समजायची आणि उत्तर ती इंग्रजीत द्यायची, तेही तिथल्या हेलात. पण रंग मात्र ती मराठीत शिकली. "आजी, इज दिस आमसुली?" ती विचारायची. आजी म्हणायची, "नाही गं शहाणे, हा तपकिरी. आमसुलीत आंबटपणा असतो." पोरीला ते पटायचं. त्या घरात शारदाबाईंना कोणाची माया लागली असेल तर या पोरीची, आणि पोरीलाही त्यांच्याइतकं कोणी थोर वाटत नव्हतं.

मग रंग जायला लागले. आधी निळा गेला, नंतर जांभळा. सगळ्यावर पातळ चहा सांडल्यासारखं झालं. मोतीबिंदू होता, आणि तो त्यांना कळत होता. पण ज्या बाईने जन्मभर लोकांच्या डोळ्यांचा उद्धार केला, ती स्वतःच्या डोळ्यांबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार? "इथला उजेडच मेला पाणचट," असं म्हणत त्या ठोकळे खिडकीपाशी न्यायच्या, वास घ्यायच्या, वजनावरून अंदाज करायच्या. राळेचे ठोकळे तर सगळे एका वासाचे. शेवटी त्यांनी मन घट्ट करून अनिमेषला सांगितलं की हल्ली धुरकट दिसतं. त्याने काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "इथे रांग असते आई. नाव घातलंय तुझं. येईल नंबर."

नंबर येत नव्हता. नवल म्हणजे ठोकळ्यांच्या निवडीवरून अनिमेषची पूर्वी चालायची ती कुरकुर मात्र थांबली होती. त्या जे उचलून देतील ते तो मुकाट्याने घ्यायचा. डब्या पूर्वीपेक्षा जास्त खपत होत्या. शारदाबाईंना वाटलं, नजर गेली तरी हात जाणतो आहे. त्या सुखात त्यांचं एक वर्ष गेलं.

एका शनिवारी डून लेरीहून डेक्लन नावाचं एक गिऱ्हाईक डबी न्यायला घरीच आलं. माणूस लाघवी. त्याने शारदाबाईंना बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"या त्याच ना? द ब्लाइंड ग्रॅनी!"

शारदाबाईंनी दुकान चालवलं होतं, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. डेक्लनने खिशातून स्वतःची डबी काढून कौतुकाने त्यांच्या हातात दिली. इतकी भयानक वस्तू आपण जन्मात पाहिली नाही, पबमध्ये टेबलावर ठेवली की सगळे हसून लोळतात, आता भावालाही एक हवी आहे, असं तो भरभरून सांगत होता. मग त्याने शारदाबाईंच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. त्याच्या मनात तिळमात्र वाईट नव्हतं.

तो गेल्यावर त्यांनी पूर्वाला जवळ बोलावलं. "खरं सांग. त्याच्या डबीचे रंग काय होते?"

पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मराठीत सांगितलं, कारण रंग तिला मराठीतच येत होते. "पोपटी, आजी. अँड शेंदरी. अँड बटण... गुलबक्षी."

शारदाबाईंनी ती रंगसंगती मनात मांडली. महालातल्या दुकानात कोणी असं काही नेसून आलं असतं तर त्यांनी तिला आठवडाभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. आता तेच घालून त्या जगापुढे उभ्या होत्या, आणि जग पैसे देऊन हसत होतं.

शेडमध्ये अनिमेष घासकाम करत होता.

"काहून रे, माझं नाव घातलं होतंस ना दवाखान्यात?"

"घालतो ना, आई."

"घालतो?"

त्याने यंत्र बंद केलं. "हे बघ, ऐकून घे. तू नीट निवडायचीस तेव्हा लोक नाइस म्हणायचे आणि पुढे जायचे. नाइस वस्तू शंभर जण करतात. आंधळी आजी कोणाकडे नाही. अगं, तुझ्यामुळे माझं चाललंय, आई. तुला चांगलं नाही वाटत?"

"नाव कोणी काढलं हे? आंधळी आजी?"

त्याने हातातल्या डबीवरची भुकटी झटकली. मग म्हणाला, "नेत्राने सुचवलं. गंमत म्हणून."

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, एवढं ऐकलं होतं," शारदाबाई म्हणाल्या. "कुत्रं आपल्याच पोटचं असतं हे नव्हतं ऐकलं."

अनिमेषने यंत्र पुन्हा सुरू केलं.

आणि मग जिच्याकडून अपेक्षा नव्हती तिनेच मदत केली. दोनच दिवसांनी स्वयंपाकघरात प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, चहाचा डबा काढता काढता नेत्रा म्हणाली, "आई, मी तुमच्या डोळ्याची अपॉइंटमेंट घेतलीये. प्रायव्हेटमध्ये. रांगबिंग काही नाही."

आयुष्यात पहिल्यांदा शारदाबाईंना या मुलीची माफी मागावीशी वाटली, आणि त्यांनी तोंड उघडलंही. पण नेत्राचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"डोळे झाले की एकट्याने प्रवास करता येईल तुम्हाला. नागपूरला आता वृद्धाश्रम खूप छान झालेत. बाग असते, भजन असतं. मी दोन-तीन बघून ठेवलेत. आणि ते आंधळ्या आजीचं कलेक्शन बंद पडलं की शेडमध्ये तरी तुमचं काय काम? दूध घालू चहात?"

"घाल," शारदाबाई म्हणाल्या. माफी तशीच राहिली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. भिंतीवरची अक्षरं त्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचली. बाहेर पडल्यावर त्यांनी आभाळ बघितलं. ज्याला त्या पाणचट म्हणत आल्या होत्या त्यात कबुतरी होता, मोतिया होता आणि दूर डोंगरावर एक पट्टा थेट गव्हाळ. गाडीत बसेपर्यंत त्या हातातल्या पिशवीकडे, नखांकडे, कुंपणाच्या गंजाकडे अधाशासारख्या बघत होत्या.

घरी आल्यावर अनिमेष त्यांना शेडमध्ये घेऊन गेला. बाकावर त्याने ठोकळे मांडून ठेवले होते. वांगी होता. दलदलीतला काळा होता. शेंदरी होता, आणि पोपटी राळेचा एक, इतका भडक की बघताना दात आंबावेत.

"सांग, आई. कुठले दोन?"

शारदाबाईंचा हात आपोआप वांगी ठोकळ्याकडे गेला. बोटं लाकडाला टेकली. तो वांगी काय सुंदर होता! त्याच्यात आत कुठेतरी डाळिंबीची एक शीर होती, ती त्यांना पूर्वी कधी दिसली नव्हती. त्यांनी मान वर केली. अनिमेष ओठ घट्ट मिटून त्यांच्या हाताकडे बघत होता. जांभळ्यावर हात थांबला तर धंदा बसला, आणि धंदा बसला की आई नागपूरला, हा हिशेब त्याचा झाला होता. त्यांचाही झाला.

त्यांनी हात उचलला, हवेत थोडा चाचपडला आणि शेंदरी आणि पोपटी एकमेकांशेजारी ठेवले.

"हे दोन. काळा नि चॉकलेटी ना? शोभतील. अक्षरं दिसतात रे आता, पण रंग काही मेले परत नाही आले."

"अरेरे," अनिमेष म्हणाला. नव्या भिंगातून शारदाबाईंना मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद स्वच्छ दिसला. असा आनंद त्याच्या तोंडावर त्यांनी त्याच्या दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

वृद्धाश्रमाचा विषय मागे पडला. नेत्राने बातमी ऐकली, सासूकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाली, "असं कसं झालं बाई?" ती मूर्ख नव्हती.

दिवाळीचा कार्यक्रम मेनूथच्या हॉलमध्ये होता. पूर्वा पहिल्यांदाच साडी नेसणार होती, आणि साडी होती आजीची, चिंतामणी रंगाची, डाळिंबी काठाची. पोरगी साडी कशीबशी गुंडाळून दोन ब्लाउज हातात घेऊन शारदाबाईंच्या खोलीत आली. मागोमाग नेत्रा येऊन दाराला टेकून उभी राहिली.

"आजी, विच वन? दोन्ही लालच दिसतात मला."

एक डाळिंबी होता. काठाचा सख्खा भाऊ. दुसरा विटकरी, आणि त्या साडीवर तो असा दिसला असता की महालातली शेंबडी पोरगीही हसली असती. शारदाबाईंच्या जिभेवर शब्द आला. पोरीने सगळा विश्वास डोळ्यांत आणून त्यांच्याकडे बघितलं.

"सांगा ना, आई," दारातून नेत्रा गोड आवाजात म्हणाली. "तुमच्याइतकं कोणाला कळतं? दिसतंय ना?"

शारदाबाईंनी दोन्ही ब्लाउज हातात घेतले, कापड चाचपलं, खिडकीकडे धरून बघितल्यासारखं केलं.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "मला नाही दिसत. तुला आवडेल तो घाल."

"दॅट्स ग्रँड, आजी. डोंट वरी," पूर्वा म्हणाली. तिने आजीच्या गालाचा पापा घेतला, तो जपून घेतला, जसा आजाऱ्याचा घेतात. मग तिने विटकरी ब्लाउज उचलला. नेत्रा बाजूला झाली आणि तिने मुलीला जाऊ दिलं.

शारदाबाई पलंगावर बसून बघत राहिल्या. साडीचा सोगा उंबऱ्याला घासत गेला, आणि त्याला त्यांनीच नागपुरात लावलेला फॉल त्यांना दारापर्यंत नीट दिसत होता.